संगणकीय दप्तराचा वेग आणि पूर्वनिर्धारित मांडणी

ज्या कचेरीचे दप्तर संगणकावर गेले आहे, तेथे एक तक्रार हमखास ऐकू येते. नोंद शोधावयास सांगितली की पडद्यावरचे चक्र फिरत राहते. खिडकीपाशी उभा असलेला नागरिक घड्याळाकडे पाहतो आणि लिपिक यंत्राकडे. अशा वेळी निदान बहुधा ठरलेले असते. यंत्र जुने झाले, किंवा प्रणालीच मुळात मंद आहे, असे सांगितले जाते. पहिल्या निदानातून नव्या यंत्राच्या खरेदीचा प्रस्ताव निघतो, दुसऱ्यातून प्रणाली बदलण्याचा. दोहोंनाही सार्वजनिक पैसा लागतो. डेटाबेस बसविताना त्याच्याबरोबर जे आकडे आले ते बसविल्या दिवसापासून कोणी उघडून पाहिलेलेच नाहीत, ही तिसरी शक्यता मात्र तपासली जात नाही.

नोंदी साठविणे, त्या सुरक्षित राखणे आणि मागितल्याबरोबर काढून देणे हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला डेटाबेस म्हणतात. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूलाइट ही या क्षेत्रातील परिचित नावे होत. असा डेटाबेस संगणकावर बसविला की त्याचे वर्तन ठरविणारी शेकडो मूल्ये त्याच्यासोबत येतात. संगणकाच्या स्मृतीपैकी किती भाग वापरावा, नोंद डिस्कवर केव्हा उतरवावी, एका वेळी किती जणांना जोडणी द्यावी, साफसफाई कधी करावी, अशा प्रत्येक प्रश्नाचे एक उत्तर निर्मात्याने आधीच लिहून ठेवलेले असते. बसविणाऱ्याने काहीच केले नाही तर तेच उत्तर लागू होते. संगणक व्यवसायात त्याला ‘डिफॉल्ट’ म्हणतात. मराठीत पूर्वनिर्धारित मूल्य म्हणता येईल. पोस्टग्रेसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत अशी मूल्ये तीनशेहून अधिक आहेत. ती सर्व वाचून ठरविण्याइतकी सवड क्वचितच कोणाला असते, आणि म्हणून असंख्य डेटाबेस निर्मात्याच्या उत्तरांवरच चालत राहतात. त्यांच्या वेगाविषयी जे लोकमत बनते, ते पुष्कळदा या उत्तरांविषयीचे असते. सॉफ्टवेअरच्या अंगभूत क्षमतेशी त्याचा संबंध असेलच असे नाही.

न पाहिलेल्या यंत्रासाठी

येथे निर्मात्याची अडचणही समजून घेतली पाहिजे. तोच संच एखादा विद्यार्थी आपल्या लहानशा संगणकावर बसविणार आणि तोच एखादी बँक आपल्या मोठ्या सर्व्हरवर. दोघांपैकी कोणाचेही यंत्र निर्मात्याने पाहिलेले नसते. अशा स्थितीत त्याला पहिली काळजी असते ती सॉफ्टवेअर कोठेही सुरू झाले पाहिजे याची. जे सुरूच होत नाही ते वेगवान असून उपयोग काय?

पोस्टग्रेसचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८६ मध्ये संशोधन प्रकल्प म्हणून सुरू झालेला हा डेटाबेस १९९६ पासून पोस्टग्रेस-एसक्यूएल या नावाने जगभरच्या तंत्रज्ञांच्या सहकार्याने वाढत आला आहे. वारंवार लागणारी माहिती डिस्कवरून पुन्हा पुन्हा आणावी लागू नये म्हणून तो स्मृतीतील काही जागा स्वतःसाठी राखून ठेवतो. अभिलेख कक्षातून आणलेली धारिका लिपिकाने मेजावर ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा जिना उतरावा लागत नाही, तसाच हा प्रकार. प्रश्न एवढाच की मेज किती मोठे असावे. २००२ साली आलेल्या ७.३ या आवृत्तीत त्यावर केवळ ६४ पाने मावत. प्रत्येक पान आठ किलोबाइटचे. म्हणजे सारे मेज अर्ध्या मेगाबाइटचे. त्या काळातील साध्या संगणकाच्या मानानेही ही जागा हास्यास्पद म्हणावी इतकी लहान होती.

ती तशी का होती? स्मृतीचा असा सामायिक भाग मागून घेण्याची जी रीत पोस्टग्रेस वापरत असे, तिच्यावर संगणकाच्या कार्यप्रणालीने मर्यादा घातलेली असे. लिनक्समध्ये ही मर्यादा वर्षानुवर्षे ३२ मेगाबाइट होती. इतर काही कार्यप्रणालींत त्याहूनही कमी. तिच्यापेक्षा अधिक जागा मागितली तर डेटाबेस मंद चालत नसे, तो सुरूच होत नसे. नवख्या माणसाच्या पडद्यावर एक अनाकलनीय संदेश येई आणि तो दुसऱ्या उत्पादनाकडे वळे. म्हणून आकडा लहान ठेवला गेला. पुढे आवृत्तीगणिक तो थोडा थोडा वाढत गेला आणि २०१३ मध्ये ९.३ या आवृत्तीत जागा मागण्याची रीतच बदलल्यामुळे तो १२८ मेगाबाइट झाला. तो आजही तेवढाच आहे. ६४ गिगाबाइट स्मृतीच्या सर्व्हरवर हे मेज खोलीच्या पाचशेव्या भागाहूनही लहान ठरते. केवळ डेटाबेससाठी राखलेल्या यंत्रावर एकूण स्मृतीच्या सुमारे २५ टक्क्यांपासून सुरुवात करावी, असे पोस्टग्रेसच्या अधिकृत पुस्तिकेतच म्हटले आहे. त्या हिशेबाने या यंत्रावर १६ गिगाबाइट, म्हणजे पूर्वनिर्धारित आकड्याच्या १२८ पट, जागा हवी.

मात्र जागा १२८ पटींनी वाढविली म्हणून वेगही तितक्याच पटींनी वाढेल, अशी कोणी अपेक्षा करू नये. पोस्टग्रेस कार्यप्रणालीच्या स्वतःच्या साठ्यावरही बराच विसंबून असतो. मेजावर न मावलेली धारिका कित्येकदा दाराबाहेरच्या मांडणीवर सापडते. मायएसक्यूएलमध्ये आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या इनोडीबी या साठवण यंत्रणेची गोष्ट थोडी निराळी आहे. तिची सारी भिस्त स्वतःच्या मेजावर असते, आणि राखीव सर्व्हरवर पुष्कळदा ८० टक्क्यांपर्यंत स्मृती तिला दिली जाते असे तिची पुस्तिका सांगते. तिचा पूर्वनिर्धारित आकडा आधी ८ मेगाबाइट होता, ५.५ या आवृत्तीपासून तो १२८ मेगाबाइट झाला. यंत्राची स्मृती पाहून हे आकडे आपोआप ठरविण्याची सोय मायएसक्यूएलच्या ८.० या आवृत्तीत आली. गंमत अशी की ही सोयही पूर्वनिर्धारित स्थितीत बंदच असते. कारण यंत्र केवळ डेटाबेससाठी राखलेले आहे की त्यावर आणखी दहा कामे चालतात, हे निर्मात्याला दुरून कसे कळावे?

रोजकीर्द आणि खतावणी

मेजाचा आकार हा या विषयाचा सोपा भाग झाला. अवघड भाग नोंद पक्की करण्याचा आहे, आणि खरी जोखीम तेथेच आहे.

जमाखर्च ठेवणारा माणूस व्यवहार झाल्याबरोबर तो रोजकीर्दीत लिहितो आणि खतावणीत सवडीने चढवितो. चांगले डेटाबेस हेच करतात. नोंद प्रथम त्यांच्या रोजकीर्दीत जाते. मुख्य तक्त्यांत ती नंतर उतरते. वीज गेली, यंत्र मध्येच बंद पडले, तरी पुन्हा सुरू होताना रोजकीर्द वाचून खतावणी पुरी करता येते. अट एकच. ‘नोंद झाली’ असे कळविण्यापूर्वी रोजकीर्दीतील ओळ खरोखर डिस्कवर उमटलेली असली पाहिजे. कार्यप्रणाली स्वभावाने उतावीळ असते. मजकूर अजून स्मृतीतच असतानाही ती ‘लिहिले’ असे सांगून मोकळी होते. म्हणून डेटाबेसला तिच्याकडून आग्रहाने वदवून घ्यावे लागते की मजकूर डिस्कवर गेला आहे, आणि तोपर्यंत थांबावे लागते.

या थांबण्याची किंमत किती, हे फिरत्या डिस्कच्या हिशेबावरून कळते. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. एक व्यवहार पक्का करण्यास दोन फेरे लागतात असे धरले, तर सेकंदाला साठांहून अधिक व्यवहार होऊ शकत नाहीत. हा हिशेब एसक्यूलाइट या लहानशा, पण मोबाइल दूरध्वनीपासून विमानापर्यंत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसच्या निर्मात्यांनीच लोकांच्या शंकेला उत्तर म्हणून दिला आहे. त्याच उत्तरात ते सांगतात की साध्या संगणकावर हा डेटाबेस सेकंदाला ५० हजार वा त्याहून अधिक ओळी सहज घालू शकतो. मात्र त्या सर्व एकाच व्यवहारात असल्या पाहिजेत. एखाद्या शाळेतील एक हजार विद्यार्थ्यांची नावे एकामागून एक, प्रत्येक नाव स्वतंत्र व्यवहार म्हणून घातली, तर फिरत्या डिस्कवर सोळा-सतरा सेकंद जातात. तीच नावे एका व्यवहारात बांधून घातली तर काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपते. पहिला प्रकार पाहणारा सॉफ्टवेअरला मंद म्हणतो. वस्तुतः ही हजार नावे मिळून एकच काम आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते, आणि न सांगितल्यास प्रत्येक नोंद स्वतंत्र मानावी हे त्याचे पूर्वनिर्धारित वर्तन आहे. अलीकडच्या, फिरता भाग नसलेल्या डिस्कवर हे थांबणे पुष्कळच कमी झाले असले तरी संपलेले नाही.

आता १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जी एक समजूत जगभर रूढ झाली, तिच्याकडे पाहू. मायएसक्यूएल वेगवान आणि पोस्टग्रेस मंद, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. मायएसक्यूएल १९९५ मध्ये स्वीडनमध्ये तयार झाला. पुढे त्याच्यासोबत मायआयसॅम ही साठवण यंत्रणा पूर्वनिर्धारित म्हणून येऊ लागली आणि डिसेंबर २०१० मध्ये ५.५ ही आवृत्ती अधिकृत होईपर्यंत ती तशीच राहिली. तिच्यात व्यवहार ही संकल्पनाच नव्हती. प्रत्येक नोंद डिस्कवर उमटेपर्यंत ती थांबत नसे. वीज अकस्मात गेली तर तक्ते बिघडून दुरुस्त करावे लागत. दुसऱ्या बाजूला पोस्टग्रेस प्रत्येक व्यवहाराला डिस्कची वाट पाही, आणि तीही अर्ध्या मेगाबाइटच्या मेजावर बसून. दोन्ही संच आणावेत, जसेच्या तसे बसवावेत आणि घड्याळ लावावे, असा प्रयोग केला की निकाल आधीच लागलेला असे. साध्या वाचनाच्या कामात मायएसक्यूएल खरोखरच चपळ होता, हे त्याचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. परंतु लिहिण्याच्या कामात जी तफावत दिसे, तिच्यातील मोठा वाटा एकाने घेतलेल्या आणि दुसऱ्याने टाळलेल्या दक्षतेचा होता. इनोडीबी ही सुरक्षित यंत्रणा मायएसक्यूएलमध्ये २००१ पासून उपलब्ध होती. पण ती मागून घ्यावी लागे. न मागणाऱ्यांची संख्या नेहमीच मोठी असते.

मोंगोडीबी या २००९ मध्ये आलेल्या डेटाबेसच्या बाबतीत हाच प्रकार अधिक ठळकपणे घडला. सुरुवातीच्या वर्षांत त्याच्याकडे नोंद पाठविणारा कार्यक्रम पोचपावतीची वाट न पाहता पुढे जाई. साधे पत्र टपालपेटीत टाकून माणसाने घरी परतावे, तसे हे होते. पोचपावतीसह पत्र पाठविण्याची सोय होती, पण ती मागावी लागे. स्वाभाविकच त्याचा लेखनवेग डोळे दिपविणारा वाटे. रोजकीर्द ठेवण्याची सोय सप्टेंबर २०११ मध्ये, २.० या आवृत्तीत, पूर्वनिर्धारित झाली. पोचपावती घेणे नोव्हेंबर २०१२ मध्ये पूर्वनिर्धारित झाले. जुलै २०२१ मधील ५.० या आवृत्तीपासून तर नोंदीच्या बहुसंख्य प्रतींवर ती पोचल्याशिवाय ‘झाली’ असे कळविले जात नाही. निर्मात्यांनी ही सुधारणा उघडपणे केली ही चांगली गोष्ट आहे; परंतु मधल्या काळात ज्यांनी त्या वेगावर भुलून निवड केली, त्यांना आपण काय देऊन काय घेत आहोत याची कल्पना कितीशी होती, हा प्रश्न उरतोच.

सार्वजनिक दप्तराच्या दृष्टीने या प्रश्नाला वजन आहे. समजा, जन्माची नोंद झाली, पित्याला छापील पावती मिळाली आणि पुढच्याच क्षणी वीज गेली. सहा वर्षांनी शाळेत दाखल्याची गरज पडते तेव्हा दप्तरात ती ओळ नसते. पावती खरी असते आणि दप्तरही आपल्या परीने खरेच असते. मधल्या काळात कोणी तरी नोंदींचा वेग वाढवून दिल्याबद्दल शाबासकी मिळविलेली असते.

म्हणून ‘वेग वाढविला’ असे कोणी सांगितले की तो कोणत्या कळीने वाढविला हे विचारले पाहिजे. मेज मोठे केल्याने नोंदींना धोका नसतो. फार तर यंत्रावरील इतर कामांना स्मृती अपुरी पडते. पोस्टग्रेसमध्ये डिस्ककडून खात्री करून घेणेच बंद करता येते. मात्र तसे केल्यावर वीज गेली तर सारा डेटाबेस दुरुस्त न होण्याइतका बिघडू शकतो, असा इशारा पुस्तिकेतच आहे. तिसरी एक मधली कळ आहे. तिच्यामुळे ‘झाले’ हा निरोप थोडा आधी दिला जातो. अपघात झाल्यास शेवटच्या अर्ध्या-पाऊण सेकंदातील नोंदी जाऊ शकतात, पण उरलेले दप्तर सुसंगत राहते. इनोडीबीतही अशीच कळ असून तेथे सुमारे एका सेकंदाचे काम पणाला लागते. संकेतस्थळाला किती जणांनी भेट दिली याची मोजणी ठेवण्यास ही तडजोड योग्य आहे. पाणीपट्टीच्या वसुलीस ती योग्य नाही. ही निवड तंत्रज्ञाने एकट्याने करावयाची नाही, कारण हरवलेल्या नोंदीचा जाब त्याला नव्हे तर खात्याला द्यावा लागतो.

रोजच्या कामातील अनुभव

कचेरीत बसलेल्या माणसाला सरासरी वेग कधीच जाणवत नाही. त्याला जाणवतो तो अडखळा. माणसाच्या प्रतीक्षेविषयी जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेले तीन आकडे आजही प्रमाण मानले जातात. सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर आले तर ते तत्काळ वाटते; एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही; दहा सेकंदांपुढे लक्ष उडते. शंभरांपैकी नव्याण्णव नोंदी पाव सेकंदात मिळाल्या आणि एकीला बारा सेकंद लागले, तर संध्याकाळी घरी सांगितली जाते ती त्या एकीचीच कहाणी.

अशा अडखळ्यांची कारणे पुन्हा त्या आकड्यांतच सापडतात. रात्री यंत्र बंद करून सकाळी सुरू केले की मेज रिकामे असते. पहिला शोध डिस्कपर्यंत जातो आणि मंद वाटतो, दुपारी तोच शोध क्षणात होतो. रोजकीर्दीतून खतावणी पुरी करण्याचे काम पोस्टग्रेस पूर्वनिर्धारित रीतीने दर पाच मिनिटांनी हाती घेतो. हे काम मधल्या अवधीपैकी निम्म्या वेळात उरकावे असा पूर्वी दंडक होता, त्यामुळे भार एकदम येई. २०२१ मधील १४ व्या आवृत्तीपासून ते काम अवधीच्या नऊ-दशांश भागावर पसरले गेले. यंत्र तेच आणि काम तेच असूनही अडखळा सौम्य झाला.

काही महिन्यांनी जाणवू लागणारी मंदी याहून फसवी असते. पोस्टग्रेसमध्ये नोंद बदलली की जुनी ओळ लगेच पुसली जात नाही. ती बाजूला पडून राहते आणि स्वच्छता करणारी यंत्रणा ती नंतर हटविते. ही यंत्रणा २००८ मधील ८.३ या आवृत्तीपर्यंत आपोआप चालू होत नसे. ज्यांना हे ठाऊक नव्हते त्यांचे तक्ते फुगत जात आणि डेटाबेस ‘म्हातारा’ झाल्याची तक्रार होई. आता ती आपोआप चालते, परंतु तक्त्यातील सुमारे २० टक्के ओळी टाकाऊ होईपर्यंत ती थांबते. पाचशे ओळींच्या तक्त्याला हे प्रमाण ठीक आहे. एक कोटी ओळींच्या तक्त्यात मात्र वीस लाख ओळींचा केर साचेपर्यंत झाडू लागत नाही. शिवाय इतर कामांना अडथळा नको म्हणून ही यंत्रणा मध्ये मध्ये विसावते. हा विसावा २० मिलिसेकंदांचा होता. २०१९ मधील १२ व्या आवृत्तीत तो २ मिलिसेकंदांवर आणला गेला. एका आकड्यातील एक शून्य गेले आणि झाडण्याचा अनुज्ञेय वेग दसपट झाला.

शोधाचा मार्ग ठरविणारा भागही अशाच एका जुन्या अंदाजावर चालतो. हवी ती नोंद सूचीवरून थेट काढावी की सारा तक्ता क्रमाने वाचावा, याचा निर्णय डेटाबेस खर्चाचा अंदाज बांधून घेतो. त्यासाठी पोस्टग्रेस असे धरतो की कोठलेही एक पान अचानक उघडणे हे क्रमाने पुढचे पान वाचण्यापेक्षा चौपट महाग आहे. फिरत्या डिस्कवर हा फरक प्रत्यक्षात सुमारे चाळीस पट असतो, पण दहापैकी नऊ पाने स्मृतीतच सापडतील असे गृहीत धरून चौपट हा आकडा योग्य ठरविला आहे, असे पुस्तिका सांगते. ज्या डिस्कमध्ये काही फिरतच नाही, तेथे हा फरक बराच कमी आहे. तरीही आकडा न बदलल्यामुळे डेटाबेस कधी कधी सूची बाजूला ठेवून लाखो ओळी वाचीत बसतो. जलद डिस्कसाठी पैसे मोजलेले असतात, पण ती जलद आहे हे डेटाबेसला कोणी सांगितलेले नसते.

तुलनेचे नियम

मग कोणता डेटाबेस वेगवान, हे ठरवावे कसे? हा वाद जुना आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डेव्हिड डिविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये निरनिराळ्या डेटाबेसची नावानिशी चाचणी घेऊन निकाल प्रसिद्ध केले. ओरॅकलची कामगिरी त्यात समाधानकारक नव्हती. त्यानंतर आमच्या अनुमतीवाचून चाचणीचे निकाल प्रसिद्ध करू नयेत, अशी अट परवान्यात घालण्याचा पायंडा पडला. ती अट ‘डिविट कलम’ याच नावाने ओळखली जाते आणि अनेक व्यापारी उत्पादनांच्या परवान्यात आजही आढळते. संशोधकाच्या नावे कलम प्रसिद्ध व्हावे आणि ते त्याच्याच कामाला प्रतिबंध करणारे असावे, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. मोकळ्या तुलनेला अशी आडकाठी आल्यावर ऐकीव मतांचे फावते, हे सांगावयास नकोच.

दुसरा मार्ग १९८८ मध्ये स्थापन झालेल्या टीपीसी या संस्थेने घालून दिला. तिच्या चाचणीत भाग घेणाऱ्याला केवळ वेगाचा आकडा सांगून भागत नाही. यंत्रसामग्री कोणती, तिची किंमत किती, आणि ज्या ज्या मूल्यांत पूर्वनिर्धारित आकड्यापासून बदल केला ती सर्व मूल्ये जाहीर करावी लागतात. विजेचा व्यत्यय आला तरी पक्की झालेली नोंद टिकते, हेही दाखवून द्यावे लागते. २०१८ मध्ये ॲमस्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या गणित व संगणकशास्त्र संस्थेतील संशोधकांनी चाचण्यांतील नेहमीच्या चुकांवर एक निबंध लिहिला. आपले सॉफ्टवेअर परिश्रमपूर्वक जुळवून घ्यावयाचे आणि प्रतिस्पर्ध्याचे जसे आले तसे चालवावयाचे, ही त्यांतील एक चूक होय. ती नेहमी लबाडीनेच होते असे नाही. स्वतःचे यंत्र माणसाला जसे माहीत असते तसे दुसऱ्याचे नसते.

निविदेपूर्वी जी प्रात्यक्षिके होतात तेथे हाच काटेकोरपणा ठेवण्यास काही अडचण नसावी. प्रात्यक्षिकातील तक्त्यात दोनशे ओळी होत्या की वीस लाख? शोध पहिल्यांदाच केला की आधी दोनदा करून मेज भरून घेतले होते? कोणती मूल्ये बदलली, आणि ती लेखी मिळतील काय? नोंदी चालू असताना विजेची तार काढली तर पावती मिळालेली शेवटची नोंद सापडते काय? यांपैकी एकाही प्रश्नासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

याच्या उलटही एक दुखणे आहे आणि ते जुन्या कचेऱ्यांत अधिक आढळते. पूर्वी कोणी जाणकाराने दोन गिगाबाइट स्मृतीच्या यंत्रासाठी विचारपूर्वक आकडे बसविलेले असतात. यंत्र बदलते, आवृत्ती बदलते, जाणकाराची बदली होते. त्याची फाईल मात्र जशीच्या तशी नव्या सर्व्हरवर चढविली जाते. निर्मात्याने दरम्यान सुधारलेली मूल्ये त्या जुन्या ओळींखाली झाकून जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या पोस्टग्रेसच्या १८ व्या आवृत्तीने डिस्कवर एका वेळी किती वाचनमागण्या टाकाव्यात याचा पूर्वनिर्धारित आकडा १ वरून १६ केला, आणि नव्याने उभारलेल्या डेटाबेसमध्ये प्रत्येक पानाची ताळेबेरीज तपासणे आपोआप सुरू केले. ज्या फाईलमध्ये पहिला आकडा पूर्वी कोणी हाताने १ लिहिला असेल, तेथे तो १ च राहणार.

अशा ओळीपुढे बदल कोणी केला, कोणत्या तारखेस केला आणि कशासाठी केला, हे लिहिण्यास फाईलमध्ये जागा असते. चौकडीच्या खुणेनंतर लिहिलेला मजकूर डेटाबेस वाचीत नाही. तो माणसांसाठीच असतो. पोस्टग्रेसमध्ये चालू असलेल्या सर्व मूल्यांची यादीही एका ओळीच्या आज्ञेने पडद्यावर मागविता येते. त्या यादीत प्रत्येक मूल्यापुढे ते कोठून आले हे नोंदलेले असते : निर्मात्याकडून, फाईलमधून की आणखी कोठून. ही यादी कागदावर घेऊन यंत्राच्या नोंदवहीत लावण्यास दहा मिनिटे पुरतात, आणि नव्या यंत्राच्या प्रस्तावासोबत ती जोडलेली असेल तर तो प्रस्ताव तपासणाऱ्यालाही वाचण्यासारखे काही मिळते.